खालच्या आळीचा अंधार

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नंदाबाईंनी यंदा लोणचं घालणार नाही असं जाहीर केलं, आणि तेव्हा कुठे आदिनाथरावांना युद्धाची खरी भीती वाटली.

तोवर भीती नव्हती असं नाही. दोन देश एकमेकांवर डोळे वटारून बसले होते. टीव्हीवर पंधरा दिवस तांबडी पट्टी पळत होती आणि तिच्यात 'अणु' हा शब्द मिनिटाला दोनदा येऊन जात होता. पण छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेल्या माणसाला घाबरण्याचीही एक शिस्त असते. वरून लेखी ऑर्डर येत नाही तोवर लाईन क्लियर आहे असं समजायचं. कुसगावात दूध वेळेवर येत होतं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबईची माणसं नेहमीसारखी आधी सगळ्या चिक्क्यांची चव घेऊन मग काहीच विकत न घेता निघून जात होती. जग बुडायला आलं असतं तर माणसांनी निदान एवढा वेळ काढला नसता, असा आदिनाथरावांचा हिशेब होता.

लोणच्याची गोष्ट मात्र वेगळी. नंदाबाई या घरात आल्या त्या वर्षापासून चौतीस वर्षं दोन चिनी मातीच्या बरण्या भरल्याशिवाय या घरात पाऊस लागलेला नव्हता. सासूबाई वारल्या त्या मे महिन्यात तेरावा झाल्यावर चौदाव्या दिवशी कैऱ्या चिरल्या गेल्या. टाळेबंदीच्या वर्षी मोहरीची डाळ मिळेना, तेव्हा नंदाबाईंनी घरच्या मोहऱ्या जात्यावर भरडल्या, पण बरणी रिकामी ठेवली नाही. त्याच नंदाबाई आता मांडीवर हात ठेवून टीव्हीपुढे बसल्या होत्या, आणि परसातला रायवळ आंबा कैऱ्यांनी वाकून उभा होता.

"अगं, पण का घालायचं नाही?" आदिनाथरावांनी विचारलं.

"वर्सभर मुरवायचं, आन खायला राह्यलं कोन?"

"म्हणजे?"

"म्हंजे त्यो बघा." नंदाबाईंनी टीव्हीकडे बोट केलं. एक कोट घातलेला गृहस्थ नकाशावर गोल काढत होता. एक गोल मुंबईभोवती, एक पुण्याभोवती. "त्या गोलाची कड हितवर येती, आन ह्या गोलाची बी हितवरच येती. दोनी कडा कुटं भेटत्यात म्हाईताय? आपल्या चुलीवर."

आदिनाथराव चष्मा लावून नकाशाजवळ गेले. दुर्दैवाने ते खरं होतं.

त्यांनी समजूत घालून पाहिली. कडेला जोर कमी असतो, असं सांगितलं. नंदाबाई म्हणाल्या, जोर कमी असला तरी बरणी फुटंलच की. यावर त्यांनी बाजारातून लोणच्याचं पाकीट आणायची तयारी दाखवली, आणि हे बोलून आपण काय केलं ते त्यांना लगेच कळलं. चौतीस वर्षांच्या संसारात नंदाबाईंनी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवणात कोरडी भाकरी आणि मीठ होतं.

परसातल्या झाडाला त्याच आठवड्यात पाड लागला. एक-एक कैरी पिवळी पडू लागली. आणखी आठ-दहा दिवस गेले की लोणच्याजोगी कैरी उरणार नव्हती. जगाचं काय व्हायचं ते होवो, आदिनाथरावांच्या जिभेपुरती तारीख ठरलेली होती. आणि खरं सांगायचं तर प्रश्न निव्वळ जिभेचाही नव्हता. नंदाबाई रात्री झोपत नव्हत्या. कुशीवर वळून भिंतीकडे बघत पडून राहायच्या, आणि ज्या बाईने आयुष्यात कधी कुणाला उद्याची काळजी करू दिली नाही तिने उद्याच सोडून द्यावा, हे आदिनाथरावांना फार लागलं होतं.

शेजारपाजारचा सल्ला मोफत होता आणि भरपूर होता. शेजारच्या शालूबाईंच्या मते घर शेणाने सारवलं की किरणं आत शिरत नाहीत. आदिनाथरावांच्या घरात सगळीकडे फरशी होती. "मग निदान कांदा ठेवा खिशात," शालूबाई म्हणाल्या. "ऊन लागत न्हाई कांद्यानं. ह्ये बी मोठं ऊनच की." हॉटेलवाला कैलास म्हणाला की घाबरायचं कारणच नाही, मुंबईचा बॉम्ब सह्याद्री अडवतो. पुण्याच्या बॉम्बचं काय, असं विचारल्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "पुन्यावर पडला तर वारं कुनीकडून वाहतंय त्येच्यावर हाय, आबा. आन आपल्याकडचं वारं पुन्याकडंच जातं." आदिनाथरावांनी हे सगळं नंदाबाईंना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा होता, पण लोणचं नव्हतं.

अशा वेळी लेखी ऑर्डर आली.

ग्रामपंचायतीतला संदेश, म्हणजे ग्रामसेवक, स्वतः कागद घेऊन आला. येत्या शनिवारी रात्री आठ ते सव्वाआठ संपूर्ण काळोखाचा सराव करायचा होता. प्रत्येक आळीला एक जबाबदार व्यक्ती नेमायची होती आणि टेकडीवरून तहसीलचे एक साहेब दुर्बीण घेऊन बघणार होते की कुठल्या आळीत दिवा दिसतो.

"खालच्या आळीसाठी तुमचंच नाव लिहिलं काका," संदेश म्हणाला. "शिट्टी तुमच्याकडे आहेच."

शिट्टी होतीच. निवृत्तीच्या आधी थोडे दिवस रेल्वेने गार्ड हे पद मोडून त्याचं 'ट्रेन मॅनेजर' केलं होतं, तो घाव आदिनाथरावांच्या मनात अजून ओला होता. मॅनेजर पोळी-भाजी केंद्राचाही असतो. त्यांच्या आळीत लोक त्यांना तोंडावर आबा म्हणत, पण माघारी अजून गार्डसाहेबच म्हणत, आणि छत्तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक मिनिट उशीर किंवा एक शेरा नव्हता, हे ते दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत. कागदावर त्यांनी वेळ टाकून सही केली. संदेश गेल्यावर त्यांनी ट्रंकेतून शिट्टी काढली, चिंचेने घासली आणि नंदाबाईंसमोर वाजवून दाखवली.

नंदाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"आन अंधार करून अनुबाम आडतो व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर कागदावर नव्हतं. "दिसलंच नाही तर टाकणार कुठं?" आदिनाथराव म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना स्वतःलाही बरं वाटलं.

नंदाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "ह्ये बघा. ह्या आळीत चवदा घरं हायेत. चौतीस वर्सांत ह्या चवदा घरांनी मिळून येक गोष्ट येकाच टायमाला केलेली मी पाह्यली न्हाई. गटार साफ करायला तीन घरं येत्यात, आन होळीला लाकडं दोन घरं देत्यात. ही चवदा घरं जर येकदम अंधार करतील, तर मी समजंन, मान्साला अजून अक्कल हाय आन जग वाचंल. मग घालते लोनचं."

"लिहून देतेस?"

"लिवून कशाला? पंधरा मिनटं आळीत येक दिवा दिसता कामा न्हाई."

झालं. दोन देशांमध्ये काय ठरायचं ते ठरो, खालच्या आळीपुरता करार झाला होता.

आदिनाथरावांनी वही घेऊन आळीची पाहणी केली. चौदा घरं, चार रस्त्यावरचे दिवे, कैलासच्या हॉटेलची लाल-निळी पाटी, भैरवनाथाचं देऊळ आणि टोकाला मुंबईवाल्यांचा एक बंगला. वरवर बघता काम सोपं होतं. सगळ्यात सोपं म्हणजे वीज मंडळाला सांगून पंधरा मिनिटं लाईनच बंद करायची. असं मनात आणून ते वीज कार्यालयात गेले. गेली तीस वर्षं जी वीज न सांगता, न विचारता, ऐन मॅचमध्ये, ऐन आंघोळीत आणि एकदा तर सत्यनारायणाच्या आरतीत गेली, ती पंधरा मिनिटं मुद्दाम घालवायची तर, खिडकीतले गृहस्थ म्हणाले, सात दिवस आधी अर्ज पाहिजे, ग्राहकांना नोटीस पाहिजे, आणि शिवाय परिपत्रकात 'स्वयंस्फूर्तीने' असा शब्द आहे. आम्ही बंद केली तर ती स्वयंस्फूर्ती राहत नाही. आदिनाथरावांनी परिपत्रक पुन्हा वाचलं. शब्द होता.

मग दारोदार जाणं आलं. कुणाचाही नकार नव्हता, हीच अडचण होती. प्रत्येक घर म्हणालं, "आबा, सगळ्यांनी बंद केले की आमी लगेच करतो." चौदा घरांनी हे एकाच शब्दांत सांगितलं, त्यामुळे एकमत झालं असं म्हणायला हरकत नव्हती. शालूबाईंची मालिका आठला लागत असे. त्यांनी दिवा बंद करायचं कबूल केलं, पण टीव्ही म्हणजे दिवा नव्हे असं त्यांचं म्हणणं पडलं. बऱ्याच बोलण्यानंतर टीव्हीवर गोधडी टाकून नुसतं ऐकायचं असं ठरलं.

देवळात वेगळाच पेच होता. महिपती गुरव म्हणाला, "नंदादीप माझ्या आज्यानं लावलाय. दुष्काळात विझला न्हाई. तुमच्या शिट्टीनं इझवू?" आदिनाथरावांना मनातून त्याचं पटलं. शेवटी गाभाऱ्याचं दार लावून फटींवर महिपतीचं घोंगडं टांगायचं ठरलं. देवाला पंधरा मिनिटं उकडेल, पण देव सहन करतो असा दोघांचाही अनुभव होता.

कैलासच्या पाटीचं बटन तीन वर्षांपूर्वी बिघडलं होतं आणि तेव्हापासून ती रात्रंदिवस जळत होती. ती बंद करायची म्हणजे वर चढून वायर काढायची. त्यासाठी शिडी लागणार होती. आळीत शिडी एकच होती, कैलासची. ही शिडी पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

राहिला बंगला. मालक महिन्यातून एकदा येत. राखणदार म्हणून वरच्या वाडीतला कोंडू होता. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस, आणि त्याला कुठल्याही गोष्टीचं नवल वाटत नसे. बागेत हिरवळीच्या कडेने सूर्यावर चालणारे बत्तीस दिवे रोवलेले होते. त्यांना बटन नव्हतं. मालकांना फोन लावला तर ते म्हणाले, दिवे मोबाईलमधल्या ॲपवरून बंद होतात, पण ॲपचा पासवर्ड मुलाकडे आहे आणि मुलगा कॅनडात झोपलेला आहे.

"झाकू की भाऊ," कोंडू म्हणाला. "बत्तीसच हायेत. टोपल्या, घमेली, बादल्या, कुंड्या. कायतरी घालू."

"आणि तो?" आदिनाथरावांनी भिंतीवर दोन पुरुष उंचीवर बसवलेल्या चौकोनी दिव्याकडे बोट केलं.

"त्यो बेरकी हाय. त्येच्याम्होरं कोन हाललं की पेटतो. न्हाई हाललं की इझतो. मांजर गेलं तरी पेटतो. त्येच्यावर पोतं टाकायला शिडी लागंल."

शनिवार उजाडला. आदिनाथरावांनी संध्याकाळी पाच वाजता पांढरा शर्ट घातला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि आळीत तीन फेऱ्या मारल्या. आठ वाजता एक लांब शिट्टी म्हणजे अंधार, सव्वाआठला दोन लहान शिट्ट्या म्हणजे उजेड, हे त्यांनी शाळेतल्या मास्तरांसारखं प्रत्येक उंबऱ्यावर म्हणून घेतलं. नंदाबाई ओट्यावर बसून हे बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण टीव्ही बंद होता.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी वीज गेली. आपोआप. स्वयंस्फूर्तीने.

आळीला वाटलं, सराव लवकर सुरू झाला. लोकांनी मेणबत्त्या लावल्या. दोन घरांत इन्व्हर्टर चालू झाले. कुणी चार्जिंगच्या बॅटऱ्या पेटवून अंगणात आणल्या, कारण अंधारात सराव कसा करणार? आणि मुख्य घोटाळा पुढेच होता. वीज गेलेली असताना कुठलं बटन चालू आहे आणि कुठलं बंद, हे कुणालाच सांगता येईना. आदिनाथराव घराघरांत शिरून प्रत्येक बटन एकदा खालीवर करू लागले, तेव्हा चालू असलेली बंद झाली आणि बंद असलेली चालू झाली. आठाला सात मिनिटं असताना वीज परत आली. खालची आळी लग्नघरासारखी उजळली. ज्या माळ्यावर दहा वर्षं कुणी चढलं नव्हतं तिथलासुद्धा दिवा लागला.

"आबा, ह्येच का तुमचा अंधार?" शालूबाईंनी खिडकीतून विचारलं.

आदिनाथराव धावले. त्रेसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या शर्टात, खिशात कांदा घेऊन त्यांनी सहा मिनिटांत चौदा घरांतले जादा लागलेले दिवे बंद केले. रस्त्यावरचे चार दिवे कैलासने खांबावरच्या पेटीत हात घालून बंद केले. हे नियमात बसत नव्हतं, पण स्वयंस्फूर्तीत बसत होतं. मग तो शिडी घेऊन आपल्या पाटीकडे पळाला. आठाला एक मिनिट कमी असताना आदिनाथराव बंगल्याच्या बागेत पोचले. बत्तीसही दिवे झाकलेले होते. टोपल्यांखाली, बादल्यांखाली, एक मालकाच्या उन्हाळी टोपीखाली, आणि शेवटचा कोंडूच्या जेवणाच्या पातेल्याखाली. भिंतीवरच्या दिव्यावर दुपारी शिडी मागून आणून टाकलेलं पोतं होतं.

आदिनाथरावांनी घड्याळ पाहिलं आणि आठाच्या ठोक्याला लांब शिट्टी वाजवली.

आळी विझली. एक-एक घर, वरून खाली. कैलासची पाटी तीन वर्षांनी पहिल्यांदा काळी झाली. देवळाच्या फटीतून एक रेघसुद्धा येत नव्हती. शालूबाईंच्या गोधडीखालून मालिकेतली सासू तेवढी ओरडत होती. चौदा घरांनी मिळून एकाच वेळी एक गोष्ट केली होती, आणि आदिनाथरावांनी शर्टाची कॉलर नीट केली. ते समाधानाने वळले.

त्या वळण्याच्या वाऱ्याने की आणखी कशाने देव जाणे, भिंतीवरचं पोतं सुटलं आणि खाली पडलं. दिवा पेटला. अख्खी बाग दुपारसारखी झाली, आणि तिच्या मधोमध आदिनाथराव.

"हालू नगा भाऊ!" कोंडू भिंतीला चिकटून दिव्याच्या बरोबर खाली बसला होता. तिथे त्या दिव्याची नजर पोचत नसावी. "हालू नगा. गप ऱ्हायलं की इझतो."

आदिनाथराव थिजले. एक पाय पुढे, एक हात हवेत, शिट्टी दातांत. अर्ध्या मिनिटाने दिवा विझला. त्यांनी हळूच हात खाली घेतला. दिवा पेटला.

"म्हनलं ना," कोंडू म्हणाला.

"शिडी आण!" आदिनाथराव ओठ न हलवता पुटपुटले.

"शिडीवर कैलास हाय, पाटीपाशी. त्यो अंधारात खाली कसा उतरंल?"

दिवा पुन्हा विझला. आता उपाय एकच होता. खालच्या आळीची जबाबदार व्यक्ती पंधरा मिनिटं तसबिरीसारखी उभी राहणार होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आदिनाथरावांनी अनेक गोष्टी सोसल्या होत्या. पावसात बंद पडलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून राहणं, फुकट्या प्रवाशांच्या शिव्या, ट्रेन मॅनेजर हे नाव. पण नाकाच्या शेंड्यावर डास बसलेला असताना त्याला हाकलण्याची सोय नसणं, हा अपमान वेगळा होता. डासाने निवांत जेवण केलं.

फाटकाशी पावलं वाजली.

"अवं! उजेड दोनदा दिसला हितनं. मला वाटलं, पडलात का कुटं." नंदाबाईंचा आवाज होता, आणि त्यात काळजी होती.

"हलू नको!" आदिनाथराव पुटपुटले. "आहेस तिथं उभी राहा. हललं की पेटतो."

नंदाबाई फाटकात थांबल्या. "म्हंजे तुमी असंच उबं ऱ्हानार? पंधरा मिनटं?"

"तू म्हणालीस ना, एक दिवा दिसता कामा नये."

नंदाबाईंनी फाटकाची कडी धरली आणि त्याही हलल्या नाहीत. मालिकासुद्धा जाहिरातीसाठी थांबली असावी, कारण आळीत अशी शांतता पसरली की लांब हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आला, मग तोही थांबला. डोळे अंधाराला सरावले. डोंगराची कड दिसू लागली. बंगल्यामागच्या बेहड्याच्या झाडाचा आकार दिसू लागला.

त्या झाडावर एक ठिपका लागला आणि विझला.

कुणीतरी मोबाईल काढला, असं आदिनाथरावांना वाटलं. शिट्टी तोंडात होतीच, ती वाजवायला त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात दुसरा ठिपका लागला, मग चार, मग वीस, आणि मग खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड एकदम पेटलं आणि एकदम विझलं. पुन्हा पेटलं. पुन्हा विझलं. हिरवट, थंड उजेड, आवाज न करता.

"काजवं," कोंडू खालून म्हणाला. त्याला नवल वाटलेलं नव्हतं. "त्ये हितंच असत्यात की. उजेडात दिसत न्हाईत."

आळीत रस्त्यावरचे दिवे आले त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून खालच्या आळीत कुणी काजवा पाहिला नव्हता. शहरातली माणसं गाड्या काढून, गाईड करून लांबच्या जंगलात काजवे बघायला जात, आणि कुसगावची माणसं त्यांना रस्ता दाखवून घरी येऊन टीव्ही लावत. आता एक-एक दार हळूच उघडलं. माणसं अंगणात आली. चौदाही घरांची. कुणी बोललं नाही, आणि मोबाईलला बंदी असल्यामुळे कुणाला फोटो काढता आला नाही, म्हणून सगळ्यांना नुसतं बघावं लागलं.

आदिनाथरावांना मात्र बघवेना. करार साफ होता. एक दिवा दिसता कामा नये, आणि इथे हजारो दिवे लागलेले होते. ते विझवायला त्यांच्याकडे टोपल्या नव्हत्या.

"अगं," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "हे धरायचे नसतात. हे माझ्या हातात नाहीत."

"गप उबं ऱ्हावा," नंदाबाई म्हणाल्या. मग त्याच म्हणाल्या, "लग्नाच्या सालाला ह्याच झाडाखाली आनलं व्हतं तुमी मला. काय म्हनला व्हता, आठीवतं?"

आठवत होतं. पण ते सांगायला कोंडूची हजेरी नको होती.

"सिग्नल पडला म्हनला व्हता," नंदाबाईंनीच सांगून टाकलं. "हिरवा."

कोंडू खाली खोकला.

सव्वाआठ कधी वाजले ते आदिनाथरावांना मनगट न हलवताही कळलं. छत्तीस वर्षांची सवय ती. दोन लहान शिट्ट्या वाजवायच्या होत्या. त्यांनी श्वास भरला.

"वाजवू नगा," नंदाबाई म्हणाल्या.

"अगं, वेळ झाली. टेकडीवरून साहेब बघतायत. शेरा येईल."

"येऊंद्या."

आदिनाथराव केदारी, निवृत्त गार्ड, यांनी श्वास तसाच सोडला. शिट्टी तोंडात होती, वेळ झालेली होती, आणि त्यांनी गाडी सोडली नाही. आळीतूनही कुणी घाई केली नाही. शेवटी आठ वाजून तेवीस मिनिटांनी शिडीवरून कैलासचा आवाज आला की आबा, माझ्या पायाला मुंग्या आल्यात, तेव्हा कुठे दोन शिट्ट्या वाजल्या.

शेरा आला. पुढच्या बुधवारी संदेश कागद घेऊन आला आणि द्यायला लाजत होता. 'खालची आळी : सराव काळात रोषणाईची एक माळ उघडझाप करत असल्याचे आढळले. तसेच सराव आठ मिनिटे विलंबाने समाप्त. संबंधितांनी खुलासा करावा.' आदिनाथरावांनी तो कागद दोनदा वाचला. छत्तीस वर्षं आणि तीन वर्षांच्या निवृत्तीनंतर हा त्यांच्या नावावरचा पहिला शेरा होता, आणि त्यांना आश्चर्य वाटलं की तो अजिबात टोचत नाही. त्यांनी चांगल्या अक्षरात खुलासा लिहिला. 'सदर रोषणाई आळीच्या मालकीची नाही. ती बंद करण्याचे बटन कुणाकडे आहे याची चौकशी केली असता ते मिळून आले नाही. विलंबाबाबत : लाईन क्लियर नव्हती.'

कैलासने बेहड्याखाली खुर्च्या टाकून माणशी तिकीट लावायचा विचार बोलून दाखवला. नंदाबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो विचार तिथेच राहिला. रस्त्यावरचे दिवे मात्र पाऊस लागेपर्यंत रोज आठ ते सव्वाआठ बंद राहू लागले. ते कोण बंद करतं हे आळीत कुणाला माहीत नव्हतं. संदेशने चौकशी केली तेव्हा चौदा घरांनी एकाच शब्दांत तसं सांगितलं.

टीव्हीवरची पट्टी पुढे पळत राहिली. कधी तांबडी, कधी पिवळी. दोन देशांनी डोळे किती वटारले आणि किती मिटले ते नकाशावाल्या गृहस्थालाच माहीत.

हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी घरी आल्यावर नंदाबाईंनी टीव्ही लावला नाही. त्या झोपल्या, आणि चांगल्या घोरल्या. आदिनाथराव नाकावरची डासाची गांधी खाजवत ते घोरणं ऐकत पडून राहिले. काजवे दिव्यांत धरले गेले की नाही, हे विचारायचा धीर त्यांना होत नव्हता.

सकाळी ते उठले तेव्हा परसात शिडी लागलेली होती. कैलासची. खाली टोपली भरून हिरव्या कैऱ्या होत्या, आणि नंदाबाई झाडावरून आणखी टाकत होत्या.

"अगं, बास की! दोन बरण्यांना एवढ्या कशाला?"

"दोन न्हाई, चार," फांदीतून आवाज आला. "चहा घ्या आन दोन बरन्या इकत आना जावा. औंदा दोन वर्सांचं घालते."